कणभर प्रसाद

मागचं वर्षभर आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे ‘चालेल का?’ लेक विचारायची, मी उत्तर द्यायचे. वर्गात कुणाच्या वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं, आई, चालेल का? सोसायटीच्या गणपतीत चिवडा दिला, चालेल का? मी पाकीट उलटं करायचे, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायचे आणि निकाल द्यायचे. चालेल. नाही चालणार. ती त्यावर एकदाही वाद घालायची नाही. चौदा वर्षांची मुलगी, एरवी ‘आज उकडतंय’ म्हटलं तरी ‘कुठे उकडतंय?’ म्हणणारी. पण या एका बाबतीत माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मला त्याचा केवढा गर्व होता! आता तो गर्व आठवला तरी कानशिलं गरम होतात.

हल्ली ती मला विचारत नाही. का विचारत नाही ते तिला ठाऊक आहे आणि मला.

तिचं दुखणं कळलं ते फार उशिरा. लहानपणापासून ती किडकिडीत. जेवायला बसली की चिमणीसारखी टोचे मारत बसायची, आणि मला ते मुळीच खपायचं नाही. ताटातली पोळी संपल्याशिवाय उठायचं नाही, असा कायदाच मी केला होता. पोट दुखतं म्हणाली की मी म्हणायचे, ‘गणिताचा पेपर असला की बरं दुखतं गं तुझं!’ लग्नाकार्यात बायका तिच्या दंडाला हात लावून बघायच्या आणि मला विचारायच्या, ‘हिला खायला घालत नाहीस की काय?’ ते ऐकून घरी आले की मी आणखी एक पोळी वाढायचे. तूप लावून, गूळ घालून, गुंडाळी करून हातात द्यायचे आणि शेवटच्या घासापर्यंत समोर उभी राहायचे. ज्या पदार्थानं तिचं आतडं आतून सोलवटत होतं, तोच मी तिला रोज मायेनं, आणि मायेनं नाही जमलं तर धपाटा घालून भरवत होते.

आठवीत तिच्या मैत्रिणी सरसर उंच झाल्या, ही होती तिथेच राहिली. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येईना. वर्गातल्या सगळ्या मुलींना पाळी आली, हिला नाही, आणि नातेवाईक बायका मला स्वयंपाकघरात गाठून ‘अजून नाही?’ असं हळूच विचारायला लागल्या. शेवटी वाशीच्या एका डॉक्टरीण बाईंनी रक्ताची वेगळी तपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघितला आणि नाव सांगितलं, सिलिअ‍ॅक. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. औषध काही नाही, हेच औषध. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, ‘सणासुदीला थोडंसं?’ त्या म्हणाल्या, ‘यात थोडंसं नसतं. कणभर काय आणि ताटभर काय, आतड्याला दोन्ही सारखंच.’

लेक शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे बघून फक्त एवढंच विचारलं, ‘म्हणजे मी नाटकं करत नव्हते ना?’

उत्तर देण्याऐवजी मी कामाला लागले. मला शरम वाटली की मी कामाला लागते, हा माझा जुना स्वभाव. घरातला गव्हाचा अख्खा डबा कामवाल्या मावशींना देऊन टाकला. नवा तवा, नवं पोळपाट, नवी चाळणी आणली. गिरणीत गव्हावर ज्वारी दळली की पिठात गहू उतरतोच, म्हणून घरघंटी घेतली. मी रबाळ्याला खोकी आणि लेबलं छापणाऱ्या एका कारखान्यात नोकरी करते. छापायला जाण्याआधी शेवटची नजर माझी असते. मुंगीएवढी अक्षरं वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम. तेव्हा पाकिटांवरचा मजकूर वाचायला मला कुणी शिकवायला नको होतं. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ घालतात हे मी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं आणि डबी खिडकीतून बाहेर फेकणार होते, खाली वॉचमन उभा होता म्हणून थांबले.

भाकरी मात्र मला येत नव्हती. माझं माहेर पोळी खाणारं, आणि सासरी मी भाकरी कधी शिकले नाही. सुरुवातीच्या माझ्या भाकऱ्या बघून लेक रोज नवा देश ओळखायची. ‘आई, आज श्रीलंका.’ ‘आज इटली, बुटासकट.’ आम्ही दोघी हसायचो. त्या हसण्यात मला वाटायचं की मागचं सगळं फिटलं. हळूहळू तिची नखं गुलाबी झाली, गाल भरले. शाळेचा फ्रॉक आखूड झाला तेव्हा मी शिंप्याकडे जाताना रस्त्यात उगीचच हसत होते. एका रविवारी तिने बाथरूमचं दार उघडून, ‘आई, आली वाटतं,’ असं सांगितलं, तेव्हा मी गॅसवरचं दूध उतू जाऊ दिलं आणि तिला धरून रडले. ती म्हणाली, ‘शी, केवढी ड्रामेबाज आहेस.’ त्याच वर्षी ती शाळेच्या थ्रोबॉलच्या संघात आली. आयुष्यात पहिल्यांदा तिची कशासाठी तरी निवड झाली होती.

घरातलं सगळं असं सुरळीत. शरम वाटायची ती घराबाहेर. हॉटेलात मी वेटरला बोलावून ‘भैया, इसमें मैदा डाला है क्या? तवा वही है क्या?’ असं सुरू केलं की नवरा मोबाइल काढायचा आणि लेक टेबलाखालून माझ्या पायावर पाय द्यायची. ‘आई, प्लीज. सीन नको ना करू.’ नातेवाइकांत तर माझं नावच पडलं होतं, ‘तपासनीसबाई’. कुणी म्हणायचं गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणे, कुणी म्हणायचं आमच्या काळी नव्हतं बाई असलं काही. धाकट्या जावेने तर एकदा फोनवर सांगितलं, ‘ताई, हल्ली फॅडच आलंय ग्लूटेन-फ्रीचं. आमच्या ऑफिसातल्या दोघी करतात, वजन उतरवायला.’ मी तिला ‘हो, आलंय खरं,’ म्हणाले. मी कारखान्यात मशीनवाल्यांना एका चुकलेल्या वेलांटीसाठी फैलावर घेणारी बाई, पण सासरच्या माणसांपुढे माझी जीभ टाळ्याला चिकटते. लेकीसाठी भांडायचं सोडून मी हसून वेळ मारून न्यायचे.

तर अशात दिराने करंजाड्याला फ्लॅट घेतला. बरीच वर्षं भाड्याच्या जागांत काढल्यावर स्वतःचं घर. सासूबाई त्यांच्याकडेच असतात. वास्तुशांत आणि सत्यनारायण असा बेत ठरला. मी जावेला आधी फोन करून सांगायला हवं होतं की लेकीच्या जेवणाचं असं असं आहे. तीनदा फोन हातात घेतला. दर वेळी वाटायचं, त्यांच्या आनंदात आपलं रडगाणं कशाला? नेऊ आपला डबा गुपचूप. त्या दिवशी पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या केल्या, बटाट्याची भाजी केली. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून करावे गावातल्या बाजारात जाऊन देवापुढे ठेवायला वेलची केळ्यांची एक छान पिवळीधमक फणी घेतली. एका पिशवीत फणी, दुसऱ्या पिशवीत डबा.

नवं घर रंगाच्या वासाचं, माणसांनी भरलेलं. केळ्यांची फणी जावेने कौतुकाने घेतली आणि थेट चौरंगापुढे ठेवली. मग तिची नजर दुसऱ्या पिशवीवर गेली.

‘त्यात काय आहे, ताई?’

‘काही नाही गं, हिचं थोडं जेवण.’

‘डबा?’ तिचा चेहरा उतरला. ‘आमच्या घरचं पहिलं अन्न शिजतंय, आणि तुम्ही घरून डबा घेऊन आलात?’

ती चुकीचं काही बोलली नव्हती. वास्तुशांतीला कुणी आपला डबा घेऊन येतं का? यजमानाच्या तोंडावर मारल्यासारखंच ते. मी घाईघाईने म्हणाले, ‘अगं, औषधाचं असतं म्हणून,’ आणि पिशवी चपलांच्या कपाटामागे सरकवली. लेकीने ते बघितलं. आपलं जेवण चपलांमागे ठेवताना बघितलं तिने.

पूजा सुरू झाली. चौरंगाच्या चारी कोपऱ्यांना केळीचे खांब, त्यातल्या एकाला खेटून मी बसले होते. गुरुजींनी पोथी वाचली. नवऱ्याची नाव किनाऱ्याला लागली म्हणून प्रसाद न घेताच धावत सुटणाऱ्या त्या बाईची गोष्ट आली. प्रसाद टाकला आणि भरली नाव बुडाली. लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. मी तशी देवभोळी नाही. घरी माझा देव म्हणजे सकाळी एक उदबत्ती. पण तिथे बसल्या बसल्या माझं पोथीतलं लक्ष उडालं, कारण आता आरती होणार, मग प्रसाद वाटला जाणार आणि प्रसाद म्हणजे रव्याचा शिरा.

मला अजून वेळ होता. मी उठून जावेच्या कानाशी लागू शकत होते. सासूबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर होत्या, त्यांना सांगू शकत होते. लेकीला गॅलरीत तरी पाठवू शकत होते. मी यातलं काही केलं नाही. टाळ्या वाजवत आरती म्हणत राहिले.

नवरा तेवढ्यात केटररच्या माणसांना वाट दाखवायला खाली गेला होता. जाऊ द्रोण वाटत वाटत लेकीसमोर आली. केळं, बेदाणे घातलेला, तुपाने चकाकणारा शिरा. लेकीने द्रोण हातात घेतला आणि पाच-सहा डोक्यांवरून माझ्याकडे बघून नेहमीच्या आवाजात विचारलं, ‘आई, चालेल का?’

जावेच्या माहेरची एक वयस्कर बाई हसत म्हणाली, ‘प्रसादाला कुणी विचारतं का गं बाळ, चालेल का म्हणून?’ जाऊ मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, डबा बघितला तेव्हा बघत होती तशीच. सासूबाई गुरुजींच्या दक्षिणेचं बघत होत्या, तिकडूनच म्हणाल्या, ‘घे गं लेकरा, घे.’

आणि मी म्हणाले, ‘चालेल. कणभर घे.’

देवाला घाबरून म्हणाले असते तरी एक वेळ बरं होतं, त्यात निदान श्रद्धा तरी होती. मी जावेला घाबरले. ‘आली तपासनीसबाई’ असं कुणीतरी मनात म्हणेल, याला घाबरले. जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगावी म्हणतात. मी जनाची तेवढी बाळगली.

लेकीने कणभर नाही घेतला. पूर्ण द्रोण खाल्ला. मी तिच्याकडे बघत होते. वर्षभर तिने शिरा तोंडाला लावला नव्हता, आणि शिरा तिला फार आवडतो. तिचे डोळे बारीक झाले, बोटं चाटली, मग लांबूनच मला अंगठा वर करून दाखवला. इतकी खूश दिसली ती. मीही हसून मान हलवली.

परतताना गाडी खारघरच्या पुढे आली आणि ती म्हणाली, ‘बाबा, थांबवा.’ हायवेच्या कडेला वाकून ती ओकत होती. नवरा पाण्याची बाटली धरून उभा, मी तिची पाठ चोळत. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, ‘काय खाल्लं? डबाच खाल्ला ना तू? मग असं काय खाल्लंस?’

मी विचार करत होते की कसं सांगावं. तेवढ्यात लेकीने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘मठ्ठा होता ना बाबा, तो आंबट लागत होता.’

तिने मठ्ठ्याला हातही लावला नव्हता. ती माझ्याकडे न बघता गाडीत जाऊन बसली आणि खिडकीला डोकं लावून डोळे मिटले. माझी लेक माझ्यासाठी खोटं बोलली होती, आणि मी ते बोलू दिलं. बेलापूर आलं, सीवूड्स आलं, मी मागच्या सीटवर तिच्या शेजारी पाण्याची बाटली धरून. नवऱ्याने घरी पोचल्यावर भावाला फोन करून केटररच्या मठ्ठ्याची तक्रारसुद्धा केली. त्यावरून जाऊ रुसली. बिचाऱ्या केटररला काय काय ऐकावं लागलं असेल कुणास ठाऊक.

पुढचे काही दिवस ती अंथरुणावर होती. पोट फुगलेलं, तोंडात फोड, अंगात त्राण नाही. थ्रोबॉलचा सामना त्याच आठवड्यात होता. मैत्रिणींचे मेसेज येत होते आणि ती मोबाइल पालथा घालून पडून राहायची. एका दुपारी मी तिला भाताची पेज दिली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, ‘मला वाटलं तू काकूला आधीच सांगितलं असशील. तांदळाच्या रव्याचा वगैरे केला असेल माझ्यासाठी.’

म्हणून तिने पूर्ण द्रोण खाल्ला होता. तिला वाटलं, आई चालेल म्हणते म्हणजे आईने बघितलं असणार.

इथे मी तिची माफी मागायला हवी होती. पण मला शरम वाटली की कामाला लागते, आणि काम नसलं की चिडते. मी चिडले. ‘एवढ्या सगळ्यांसमोर ओरडून विचारायची काय गरज होती? नंतर नसतं का विचारता आलं? तुलाही कळायला नको? चौदा वर्षांची झालीस!’

तिने पेजेची वाटी खाली ठेवली. ‘नंतर म्हणजे कधी? खाल्ल्यावर?’

मी वाटी उचलून स्वयंपाकघरात निघून गेले आणि नळ सोडून भांडी घासत बसले. मावशी यायच्या होत्या, तरी सगळी घासली.

त्यानंतर तिने मला विचारणं बंद केलं. भांडली नाही, अबोला धरला नाही. सकाळी वेणी घालून घ्यायला बसायची, ‘आज अंटार्क्टिका’ म्हणून भाकरीची थट्टाही करायची. फक्त तो प्रश्न गेला. पाकीट स्वतः उलटं करून वाचायची, शब्द अडला की मोबाइलवर बघायची. शाळेच्या सहलीत कुणी काही देऊ केलं तर सरळ नको म्हणायची. मला तिचं कौतुक वाटायला हवं होतं. नवऱ्याला वाटायचं. ‘बघ किती जबाबदार झाली पोरगी,’ तो मला सांगायचा. मी हो म्हणायचे.

एकदा मी तिच्यासाठी शेवयांची खीर केली. तांदळाच्या शेवया मुद्दाम वाशीला जाऊन शोधून आणल्या होत्या, पाकीट चारदा वाचलं होतं. मनात होतं की खिरीची वाटी देताना बोलू, सॉरी म्हणू. आमच्या घरी आईबापांनी मुलांना सॉरी म्हणायची पद्धत नाही, पदार्थ करून घालायची आहे. तिने वाटी घेतली, वास घेतला, ‘मस्त’ म्हणाली. मी बाहेर कपडे वाळत घालायला गेले आणि परत आले तर ती ओट्यापाशी उभी होती. कचऱ्याच्या डब्यातून शेवयांचं रिकामं पाकीट काढून, त्यावर चिकटलेली कोथिंबिरीची देठं बोटाने बाजूला करून ती मागची बारीक अक्षरं वाचत होती. मला बघून तिने पाकीट पटकन खाली टाकलं. तिचीच चोरी पकडल्यासारखी ती लाजली. म्हणाली, ‘असंच गं, सवय झालीय.’ मग तिने खीर खाल्ली, पुन्हा मागून घेतली. सॉरी म्हणायचं माझ्या तोंडातच राहिलं.

कारखान्यातही मला धड काम सुचेना. समोर कुठल्याशा बिस्किटांचं लेबल असायचं, खाली ‘गहू आहे’ अशी ठळक ओळ. ती ओळ बरोबर छापली आहे ना, एवढं बघण्याचा मला पगार मिळतो. मी आजवर एकही लेबल चुकीचं पुढे जाऊ दिलेलं नाही. घरचं एक गेलं.

दिवाळीच्या आधी सासूबाईंचा फोन आला. नवऱ्याच्या मोबाइलवर, आणि तो आंघोळीला गेलेला. लेक सोफ्यावर पाय पसरून नखांचा रंग खरवडत होती. मी स्पीकर चालू करून मोबाइल मधल्या टेबलावर ठेवला आणि मेथी निवडत बसले. सासूबाई साताऱ्याकडच्या, नवी मुंबईत इतकी वर्षं काढली तरी बोलणं तिकडचंच.

‘आगं, यंदा फराळाचं समदं मीच करती. पोरीसाठी रव्याचं लाडू येगळं बांधू का? साजूक तुपातलं?’

मेथीची काडी माझ्या हातात तशीच राहिली. ‘रव्याचे नको... म्हणजे तिला ते गव्हाचं...’

‘ठावं हाय मला. पोळी न्हाय चालत. पर शिरा चालला हुता की त्या दिशी परसादाचा. द्रोणभर खाल्ला, म्या बघितलं. बाधला त्यो मेला मठ्ठा. म्हणलं, तुपातला रवा चालत आसंल.’

म्हणजे माझं ते एक ‘चालेल’ तिकडे मुरलं होतं आणि आता त्याचे लाडू होऊन येणार होते. लेकीने नखं खरवडायचं थांबवलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटतं, ती मला वेळ देत होती. मी म्हणाले, ‘तसं नाही, तेव्हा जरा... थोडंसं होतं ना, म्हणून...’ आणि माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली.

लेक पुढे वाकली. ‘आज्जी, मी बोलतेय. रव्याचे नाही चालणार गं मला. बेसनाचे कर, पण नव्या कढईत आणि बेसन सीलबंद पाकिटातलं घे. आणि तो शिरा पण चालणारा नव्हता. त्यानेच मी आजारी पडले. मठ्ठा मी प्यायलेच नव्हते.’

ती हे सगळं, दुकानात दोन पेनं मागावीत तितक्या सरळ आवाजात म्हणाली.

‘आगं बया,’ सासूबाई म्हणाल्या. ‘आन मग खाल्लास कशाला गं, बाय माझे?’

या वेळीही लेक माझ्यासाठी काहीतरी शोधेल, आज्जीला पटेलसं, असं मला वाटलं. तशी ती शोधायला लागलीही होती, तोंड उघडलं होतं तिने.

‘मी खा म्हणाले म्हणून,’ मी म्हणाले. आवाज फार मोठा निघाला. बाथरूममधला पाण्याचा आवाज बंद झाला होता, नवऱ्यानेही ऐकलं असणार. ‘तिनं मला विचारलं होतं. मला ठाऊक होतं तिला चालत नाही. सगळे बघत होते, म्हणून मी चालेल म्हणाले.’

सासूबाई रागावतील, देवाचं काही काढतील, म्हणून मी वाट बघत राहिले. त्या रागावल्या नाहीत. त्यांना फक्त नवल वाटलं, खरोखरचं नवल.

‘आगं, मग मला तरी म्हणायचं न्हाईस का? म्या केळं दिलं आसतं तिला. देवाफुडचं केळंबी परसादच आसतोय की.’

लेकीने हळूच माझ्याकडे बघितलं. चौरंगापुढची ती फणी मीच नेली होती.